२०१० च्या बोर्दो रेड : बाटली मिटलेली आहे की संपलेली, कसं ओळखायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांबलचक आहे. पण तपशील दिल्याशिवाय कुणाला नेमकं सांगता येणार नाही, म्हणून सगळं लिहिते. मिटलेली म्हणजे फळाची चव आत आहे पण चव-वास अजून दबलेले, संपलेली म्हणजे फळाची चवच गेलेली.

आम्ही फ्रान्समध्ये तुलूजला राहतो. माझी लेक २०१० ची. इथे दर सप्टेंबरात सुपरमार्केटांमध्ये वाईनची जत्रा भरते, मोठाल्या पेट्या थेट दुकानात मांडलेल्या असतात. २०१३ च्या जत्रेत लेकीच्या जन्मसालाच्या तीन पेट्या घेतल्या, प्रत्येकीत सहा बाटल्या. एक सेंत-एस्तेफची, एक मुलिसची आणि एक सेंतेमिलियोंची (ही तिन्ही ठिकाणं फ्रान्सच्या बोर्दो भागातली). १८५५ मध्ये बोर्दोच्या उत्तम वाईनघरांची जी प्रसिद्ध यादी झाली तिच्यातली एकही नाही, पण वाईन बनवणारी तिन्ही घरं चांगल्या नावाची आहेत. लेक अठरा वर्षांची होईल तेव्हा, म्हणजे २०२८ मध्ये, तिच्याबरोबर बसून उघडायच्या असं ठरवलं होतं.

२०१० च का, तर जन्मसाल म्हणून. पण ते साल खरोखरच टिकणारं निघालं, हे नंतर वाचत गेले तेव्हा कळलं. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. त्यामुळे बोर्दोच्या हंगामाचं वर्णन वाचताना मला ते नानांच्या (माझ्या वडिलांच्या) भाषेतच समजतं. त्या वर्षी जूनमध्ये फुलोऱ्याच्या वेळी हवा बिघडली आणि मेर्लो जातीच्या द्राक्षांवर, त्यातही जुन्या वेलींवर, फुलांची गळ झाली. घड विरळ झाले. पुढे जुलैपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस जवळजवळ नाहीच. मणी बारीक राहिले, त्यांची साल जाड. दिवसा ऊन, पण ऑगस्टच्या रात्री गार, म्हणून साखर चढली तरी आंबटपणा गेला नाही. कॅबर्ने जातीची तोडणी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालली. साखर, आंबटपणा आणि तुरटपणा तिन्ही भरपूर, असं साल क्वचित येतं. आदलं २००९ तरुणपणीच गोडगोजिरं होतं. २०१० सुरुवातीपासून ताठ.

हे नानांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. आपल्याकडे मणी फुगावा म्हणून जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) बुडवण्या करायच्या, अठरा मिलीमीटरचा मणी झाला तर समाधान मानायचं. आणि इथे मणी बारीक राहिला म्हणून साल चांगलं! रस कमी, मण्याची साल जास्त, म्हणजे रंग आणि तुरटपणा जास्त, हे त्यांना लगेच पटलं. "मग तो तुरटपणा मुरायला वेळ द्यावा लागत असेल," एवढंच म्हणाले. माझा सगळा प्रश्न त्या मुरण्याबद्दलच आहे.

आता चूक कुठे झाली ते. २०१९ पर्यंत पेट्या आमच्या जुन्या इमारतीच्या तळघरात होत्या. दगडी भिंती, अंधार, हिवाळ्यात ११ अंश आणि भर उन्हाळ्यात १७ च्या आसपास. २०१९ मध्ये घर बदललं. नवीन घर तिसऱ्या मजल्यावर, तळघर नाही. पेट्या आतल्या खोलीच्या कपाटात ठेवल्या. दोन उन्हाळे त्या तिथेच राहिल्या. कपाटात कमाल-किमान दाखवणारा तापमापक ठेवला होता, त्यावर ऑगस्टमध्ये २७ अंश बघितले तेव्हा पोटात गोळा आला. २०२१ मध्ये वाईन मुरवण्याचं कपाट विकत घेतलं. तेव्हापासून सगळ्या बाटल्या १२ अंशांवर, आडव्या.

गेल्या दिवाळीत प्रत्येक पेटीतली एकेक उघडून पाहिली. जे आढळलं ते असं.

सेंत-एस्तेफ : बूच काढलं तर त्याच्या एका बाजूने जांभळी रेघ जवळजवळ अर्ध्यापर्यंत चढलेली. ग्लासात रंग अजून गर्द, मध्यावर काळपट लाल, फक्त काठाला किंचित विटकरी. वास जवळजवळ नाहीच. पहिला घोट घेतला आणि कच्ची सुपारी चावल्यासारखं तोंड आवळलं. गालाची आतली बाजू कोरडी पडली. फळ कुठेच सापडेना. नवऱ्याने एका घोटावर ग्लास बाजूला ठेवला. जेवण आटोपून, भांडी घासून, साडेतीन तासांनी मी तोच ग्लास उचलला, तर त्यातून शिसपेन्सिल नुकतीच तासल्यासारखा वास येत होता आणि त्यामागे कासिस, म्हणजे ब्लॅककरंट. पण तेव्हा ग्लासात दोनच घोट उरले होते.

मुलिस : तिन्हींत सगळ्यात जमून आलेली. आजोबांची तंबाखूची चंची उघडली की यायचा तसा वास, सोबत देवदाराच्या लाकडाचा. तुरटपणा आहे पण जिभेला मऊ लागतो. या पेटीबद्दल मला काळजी नाही.

सेंतेमिलियों : ही बहुतांशी मेर्लोची, लेबलवर १४.५ टक्के. मऊ, पण फळ शिजवल्यासारखं. मनुका पाकात घोटल्यावर येते तशी चव. काठ चांगलाच विटकरी. घोट गिळल्यावर मागे फारसं काही राहत नाही. नदीच्या उजव्या काठावरची, म्हणजे सेंतेमिलियोंच्या बाजूची, २०१० मुळातच पिकलेली आणि चढ्या अल्कोहोलची असते हे माहीत आहे. मग हा सालाचा स्वभाव समजायचा, की कपाटातल्या त्या दोन उन्हाळ्यांचा परिणाम?

तर मदत हवी आहे ती अशी : सेंत-एस्तेफ मिटलेली आहे की फळ गेलं आणि नुसता तुरटपणा उरला? सेंतेमिलियोंला खरंच ऊन लागलंय का? २०२८ पर्यंत काय ठेवावं आणि काय आत्ताच पिऊन टाकावं? समीक्षकांनी दिलेली "२०१८ ते २०४०" अशी मुदत मी मानायला तयार नाही, कारण ती गार तळघरात कायम राहिलेल्या बाटलीसाठी असते. माझ्या बाटल्यांचा इतिहास वेगळा आहे.

आणखी एक. नानांना यातली चव घ्यायची आहे. मे महिन्यात आम्ही निफाडला जाणार आहोत. दोन-तीन बाटल्या न्याव्यात का?

प्रतिसाद (लंडनहून, वाईनच्या दुकानात काम करणारा)

ताई, तुम्ही तपशील दिलेत म्हणून नीट सांगता येतंय.

मिटलेली वाईन आणि संपलेली वाईन पहिल्या घोटाला सारखीच वाटू शकते. फरक हवा लागल्यावर कळतो. मिटलेली तासागणिक उघडत जाते. संपलेली पहिल्या दहा मिनिटांत जे काही आहे ते देते आणि मग ढासळते. तुमच्या सेंत-एस्तेफला साडेतीन तासांनी कासिस आला म्हणजे फळ आत आहे. त्या गावच्या जमिनीत खडीबरोबर चिकणमाती बरीच आहे आणि तिथल्या वाईन मूळच्याच ताठ असतात. त्यात साल २०१०. मला तरी ही मिटलेलीच वाटते.

खात्री करायची असेल तर हे करा. बाटली दोन दिवस उभी ठेवा म्हणजे साका तळाशी बसेल. उघडल्याबरोबर अर्धी वाईन ३७५ मिलीच्या स्वच्छ बाटलीत अगदी तोंडापर्यंत भरा, बूच लावा आणि फ्रीजमध्ये ठेवा. उरलेली अर्धी त्याच दिवशी तासातासाने चाखा आणि लिहून ठेवा. फ्रीजमधली दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी, थंडी मोडल्यावर, चाखा. तिसऱ्या दिवशीही बरी लागली तर त्या पेटीला अजून बरीच वर्षं आहेत. दुसऱ्याच दिवशी काप काळा पडलेल्या सफरचंदाचा किंवा शेरीसारखा वास आला, तर ठेवण्यात अर्थ नाही.

२७ अंश चांगले नाहीत, पण घात झालाच असं नाही. रासायनिक क्रिया दर १० अंशांना साधारण दुप्पट वेगाने होतात असा ढोबळ नियम आहे, म्हणजे ते दोन उन्हाळे तुमच्या वाईनने धावत काढले. जास्त वाईट असतं ते रोज वरखाली होणारं तापमान. वाईन प्रसरण पावते, बुचाला रेटा बसतो, आणि गार झाली की हवा आत ओढली जाते. म्हणून प्रत्येक बाटली उजेडात धरून पातळी बघा. सोळाव्या वर्षी वाईन मानेत असायला हवी. मानेच्या बुडाशी असेल तरी चालेल. खांद्यापर्यंत उतरली असेल तर ती आधी प्या. कॅप्सूलखाली (बुचावरच्या वेष्टनाखाली) चिकट लागतंय का, तेही बोटाने बघा. बुचावरची अर्धी रेघ मी मनावर घेणार नाही. पूर्ण वरपर्यंत गेली असती तर घेतली असती.

ओल्या पुठ्ठ्याचा किंवा भिजलेल्या गोणपाटाचा वास आला तर तो बुचाचा दोष, साठवणीचा नाही. तो हवेने जात नाही, उलट वाढतो. तशी बाटली निघाली तर तिच्यावरून पूर्ण पेटीचा निकाल लावू नका.

धागाकर्ती

मनापासून आभार. पातळ्या आज बघितल्या. मुलिसच्या पाचही मानेत. सेंत-एस्तेफच्या चार मानेत, एक बुडाशी. सेंतेमिलियोंच्या पाचांपैकी तीन बुडाशी आणि एक त्याहून खाली. ती पेटी आतल्या खोलीच्या कपाटात सगळ्यात वर होती, हे आत्ता लिहिताना आठवलं. प्रत्येक बाटलीच्या मानेला दोऱ्याने चिठ्ठी बांधली आहे.

प्रतिसाद (नाशिकहून)

विमानाने येताना प्रौढ माणसामागे २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. दोघांच्या मिळून चार. मेमध्ये येताय म्हणून मुद्दाम सांगतो : विमानतळावरून निफाडपर्यंतच्या गाडीत बाटल्या डिकीत ठेवू नका. पायाशी ठेवा, टॉवेलात गुंडाळून. घरी आल्यावर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उभ्या ठेवा, आणि निदान आठवडाभर हात लावू नका. प्रवासात साका ढवळलेला असतो आणि लगेच उघडली तर वाईन कडवट लागते. जमलं तर सुट्टीच्या शेवटच्या दिवसांतच उघडा.

प्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा. १६ ते १८ अंश हवेत. इथल्या मेमधल्या खोलीत ठेवलेली बाटली ३५ अंशांची होते आणि नुसती दारू लागते.

आणि जेवण. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर ही वाईन देऊ नका. तिखटाने तुरटपणा दुप्पट बोचतो, सोळा वर्षं वाया. मटण शिजवताना मीठ-हळद घालून काढतो ते अळणी मटण, चरबीसकट, थोडं आलं-लसूण लावून तव्यावर परतलेलं, असं करून बघा. मीठ आणि चरबी मिळाली की तुरटपणा गुपचूप बसतो. बोर्दोकडेही पोइयाक गावचं कोकरू खातात ते काही उगाच नाही.

धागाकर्ती

दहा दिवसांनी लिहिते आहे. सांगितल्याप्रमाणे दोन बाटल्यांची परीक्षा घेतली, दोन्ही पेट्यांमधली सगळ्यात खाली उतरलेली.

सेंतेमिलियों पहिल्या अर्ध्या तासात छान होती, अंजीर आणि थोडा चॉकलेटचा वास. दीड तासाने पाकाचा वास वर आला. फ्रीजमधली अर्धी दुसऱ्या दिवशी सपाट, तिसऱ्या दिवशी ओतून दिली. तिचा निकाल लागला. उरलेल्या चार या वर्षभरात पिणार, डिकँटरमध्ये (हवा लागावी म्हणून वापरतात त्या सुरईत) न ओतता, उघडल्याबरोबर.

सेंत-एस्तेफ पहिल्या दिवशी पुन्हा सुपारी. तीन तासांनी पेन्सिल, चौथ्या तासाला फळ. दुसऱ्या दिवशी तुरटपणा निम्मा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बूच काढलं तर लेक अभ्यास सोडून स्वयंपाकघरात आली आणि "कसला वास येतोय?" म्हणाली. कासिस, देवदार, आणि पहिल्या पावसानंतर भिजलेल्या पाल्यापाचोळ्यासारखं काहीतरी. तिला नुसता वास घेऊ दिला. ही बुडाशी उतरलेली बाटली होती. मानेतल्या चार याहून बऱ्याच असणार, त्या २०२८ पर्यंत हलवणार नाही.

निफाडला मुलिसच्या दोन नेते आहे. नानांना पाहुण्यांसमोर समजावून सांगावी लागेल अशी वाईन नको, पहिल्या घोटाला कळेल अशी हवी. अळणी मटणाचं आईला कळवलं आहे. बाटल्या शुक्रवारी उभ्या करून ठेवते.