ग्वाल्हेरात तरी अंतरा गाळू नका

लष्करकर
परवा आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका घरगुती बैठकीत केदार राग ऐकला. गाणारा तयारीचा, सूर पक्का. विलंबित, म्हणजे संथ, एकतालात पाऊण तास बढत (रागाचा विस्तार) केली, ताना घेतल्या आणि अंतऱ्याला, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागाला, स्पर्शही न करता थेट द्रुत बंदिश धरली. केदाराचा अंतरा पंचमावरून तार षड्जावर झेपावतो, आम्ही सगळे त्याची वाट बघत होतो. माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी शेवटी अंतऱ्याचे शब्द स्वतःशीच पुटपुटले.

ग्वाल्हेर गायकीच्या हद्दू-हस्सू खाँच्या गावची रीत अशी की स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) आणि अंतरा आधी पुरता भरायचा, मग बहलावे (संथ स्वरविस्तार), बोल-ताना (शब्द घेऊन केलेल्या ताना), ताना. लय तिलवाडा तालाची, ठेका सलग कानावर पडेल इतपतच संथ. इथल्याच कृष्णराव शंकर पंडितांची ध्वनिमुद्रणं आहेत, ऐकून बघा. अर्धी बंदिश म्हणजे रागाचं उत्तरांग (सप्तकाचा वरचा भाग) श्रोत्याला दाखवलंच नाही. माझ्या मते हा अपराध आहे.

झुमरा_इंदूर
अपराध हा शब्द फार झाला हो. आमचे इंदूरचे अमीर खाँसाहेब (1912–1974) विलंबितात अंतरा बरेचदा सोडूनच देत. त्यांचा झुमरा तालातला मारवा राग ऐकताना काही राहून गेलं असं तुम्हाला कधी वाटलं? उत्तरांग दाखवायला अंतराच हवा असं नाही, आलापीतून तार षड्ज गाठता येतो. तो गाठण्याआधी खाँसाहेब श्रोत्याला जी वाट बघायला लावतात, तीच त्या गाण्यातली मोठी गोष्ट आहे.

लष्करकर
खाँसाहेबांबद्दल आदरच आहे. पण त्यांची सगळी इमारत मेरुखंडाच्या (स्वरांचे क्रम बदलून बांधलेल्या) स्वरवाक्यांवर उभी होती, त्या मांडणीत अंतऱ्याची जागा दुसऱ्या गोष्टीने भरून निघे. परवाच्या गाण्यात तसं काहीच नव्हतं. पहिल्या अर्ध्या तासात मंद्र-मध्य (खालच्या आणि मधल्या) सप्तकातच घोटाळत राहिले, मग वेळ संपत आला म्हणून ताना. त्यांच्यासारखं सोडायचं असेल तर त्यांच्यासारखं बांधावंही लागतं.

बडोदेकरीण
दोघांनाही एक विचारते. अतिविलंबित लयीत अंतरा म्हणणं मुळात शक्य तरी राहतं का? एकेका मात्रेत इतकी पोकळी असते की शब्द विरघळतात, ओळ ओळ राहत नाही. आमच्याकडे बडोद्यात फैयाज खाँसाहेब नोमतोम (तालाविना 'नोम, तोम' अशा अक्षरांची आलापी) आधी करायचे. राग तिथे उलगडलेला असायचा, त्यामुळे बंदिश बंदिशीसारखी गाता यायची. खरा प्रश्न लयीचा आहे. ती थोडी चढवा, अंतरा आपोआप परत येईल.

लष्करकर
ताई, अगदी नेमकं. तिलवाड्यात मुखडा (बंदिशीची सुरुवात) उचलला की सम (तालाची पहिली मात्रा) कुठे येणार ते सभेला कळतं. हल्ली तबलजी मात्रा भरत बसतो आणि श्रोता मोजत बसतो.

झुमरा_इंदूर
इथे मी सहमत नाही. संथ लयीतही सम कळते, कान तयार करावा लागतो. आणि रीत, रीत म्हणता ती कधी थांबून राहिली होती? वासुदेवबुवा जोशांकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी महाराष्ट्रात नेली, पुढे विष्णु दिगंबरांकडे गेली, त्यांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर. ओंकारनाथांचं गाणं आणि कृष्णराव पंडितांचं गाणं शेजारी ठेवा. दोन्ही ग्वाल्हेर, पण किती वेगळी! परवाच्या गाणाऱ्यालाच तेवढी मोकळीक का नको?

लष्करकर
मोकळीक जरूर घ्यावी, पण बंदिश हातात असताना. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकांत बंदिशी छापल्या त्या अंतऱ्यासकट, आणि 1918 साली इथे माधव संगीत महाविद्यालय निघालं तिथे पोरं तशाच शिकली. मला भीती वेगळीच आहे. मैफलीत अंतरा लागत नाही म्हटल्यावर उद्या शिष्य तो पाठच करणार नाही, आणि कितीतरी जुन्या चिजा अर्ध्याच उरतील. यापुढे बैठक ठरवताना अंतरा गाणार का, हे गाणाऱ्याला मी आधीच विचारणार आहे.

झुमरा_इंदूर
चिजांबद्दलची भीती मलाही पटते. विचारा. पण नाही म्हणाला तर त्याचं गाणं रद्द करू नका.

लष्करकर
रद्द नाही करणार. मनापासून ऐकेन. फक्त पत्रिकेवर 'ग्वाल्हेर गायकी' असं छापू देणार नाही.