पट्टीवरची सोन्याची रेघ

"नॅनोतंत्रज्ञान म्हणजे वर्षानुवर्षं नुसतं येणार येणार, बाजारात आलं काय?" हा प्रश्न रास्त आहे, पण आलंय बरंच. फक्त पाटी लावून आलेलं नाही.

मेडिकलमध्ये मिळणारं साधं प्रेग्नन्सी किट घ्या. बहुतेक पट्ट्यांवर उमटणारी ती लालसर गुलाबी रेघ शाईची नसते, सोन्याची असते! साधारण ४० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) सोन्याचे कण पिवळे दिसत नाहीत. ते हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून त्यांचं द्रावण माणकासारखं लाल. कणांना अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक पदार्थालाच धरणारं प्रथिन, चिकटवलेली असते. लघवीत एचसीजी हे गरोदरपणातलं संप्रेरक असेल तर कण त्याला धरून ओल्या पट्टीवरून सरकत जातात आणि ठरलेल्या रेघेवर अडकतात. कोविडच्या कित्येक घरगुती किटमध्येही हीच युक्ती होती. (सोन्याचा भाव आठवून पट्ट्या जमवू नका, सराफाच्या काट्याला कळणारही नाही इतकंच असतं.) आणि हे लाल सोनं शास्त्रज्ञ मायकेल फॅराडेने १८५७ मध्येच अभ्यासलं होतं.

औषधांत डॉक्सिल हे कॅन्सरवरचं औषध १९९५ पासून आहे. आत डॉक्सोरुबिसिन हे जुनंच औषध, पण चरबीच्या अतिसूक्ष्म पिशवीत भरलेलं, त्यामुळे हृदयाला त्रास कमी. फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लशीतला एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू) सुद्धा अशाच चरबीच्या कणांतून पेशीत पोचतो.

टायरमधल्या काजळीचे कणही नॅनो आकाराचेच, पण तिला तर कुणी नॅनो म्हणतही नाही. उलट रंगाच्या डब्यावर 'नॅनो' दिसलं की मी आधी कणाचा आकार विचारतो. दुकानदार तेव्हा शेडकार्ड पुढे सरकवतो.