बालीतली २०२४ ची फायनल पूर्ण बघायला कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मे २०२४ मध्ये इंडोनेशियात बालीला मुलींचा १७ वर्षांखालील फुटबॉलचा आशिया कप झाला होता. फायनलमध्ये उत्तर कोरियाने जपानला १-० ने हरवलं. त्याचं पूर्ण ९० मिनिटांचं रेकॉर्डिंग कुणाकडे आहे का, किंवा कुठे बघायला मिळेल?

हायलाइट्स नकोत. कोल्हापुरात आमच्याकडे शाळकरी मुली खेळायला येतात, त्यांना दाखवायचंय. सगळ्यांचे डोळे बॉलवर. बॉल नसताना कुठे उभं राहायचं हे तोंडाने सांगून कळत नाही. (पोरांनाही कळत नाही म्हणा!) याच उत्तर कोरियाने गटात दक्षिण कोरियाला ७-० ने धुतलं होतं. मग जपानने फायनलमध्ये त्यांना एकावरच कसं रोखलं, ते बघायचंय. पुढे त्याच वर्षी उत्तर कोरियाच्या मुलींनी वर्ल्ड कपही नेला, स्पेनला पेनल्टीवर हरवून.

कॉमेंट्री कुठल्याही भाषेत चालेल, आवाज बंदच ठेवणार आहे. फायनल नसेल तर जपानची दक्षिण कोरियाविरुद्धची सेमीफायनल तरी सुचवा. आणि मोबाइलवरून प्रोजेक्टरला जोडताना चित्र अडकतं, त्यावरही कुणी उपाय सांगा.