माणूस अजून बदलतोय का? आणि आपली जाणीव?

भटकी_१२:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय. होमो सेपियन्सला साधारण ३ लाख वर्षं झाली म्हणतात, मग आता उत्क्रांती थांबली का? लसी आहेत, सिझेरियन आहे, पूर्वी दगावलं असतं ते मूल आता जगतं, म्हणजे निसर्गाची चाळणीच उरली नाही ना? आणि शरीराचं सोडा, जाणीव कधी आजच्यापेक्षा वरच्या पातळीला जाईल का?

पेशीवाला:
थांबली वगैरे काही नाही. मोठेपणी दूध पचवायची क्षमता गेल्या १० हजार वर्षांतच पसरली, तीही गुरं पाळणाऱ्या लोकांत, वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे. आग्नेय आशियातले बजाऊ लोक पिढ्यानपिढ्या समुद्रात बुड्या मारून मासे धरतात, २०१८ मधे तपासलं तर त्यांची प्लीहा (पोटातला रक्तपेशी साठवणारा अवयव, बुडी मारताना उपयोगी) शेजारच्या शेतकरी लोकांपेक्षा साधारण ५० टक्के मोठी निघाली. चाळणी तीच आहे, भोकं बदललीत. पण 'वरची पातळी' असं उत्क्रांतीत काही नसतं हो, ज्याची मुलंबाळं जास्त टिकली त्याची जनुकं पुढे गेली, बास.

रात्रवाचक:
जाणिवेचं मला वेगळं वाटतं. लिपी येऊन जेमतेम ५ हजार वर्षं झाली आणि त्यातही बहुतेक माणसं अगदी अलीकडेपर्यंत निरक्षरच होती, म्हणजे वाचनासाठी खास जनुक घडायला वेळच मिळाला नाही, तरीपण वाचायला शिकलं की मेंदूत डाव्या बाजूला मागे-खाली एक भाग अक्षरं ओळखायच्या कामाला लागतो, मोठेपणी शिकलेल्यांच्यातही. आणि एकदा ते झालं की ओळखीचा शब्द नुसत्या रेघोट्या म्हणून बघताच येत नाही, आत्ता हेच वाक्य न वाचता नुसतं बघून दाखवा! जन्माला येताना मेंदू तोच, पण जग दिसायचं वेगळं. त्यामुळे जाणीव पुढे गेलीच तर ती शिकवण्यातून जाईल असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच काळजीही वाटते, कारण प्रत्येक बाळ परत शून्यापासून सुरू करतं.

भटकी_१२:
हे भारी आहे. पण मग जनुकं बदलून जाणीव वाढवता येणारच नाही का? २०१८ मधेच चीनमधे जनुक-संपादन केलेल्या जुळ्या मुली जन्मल्या ना.

पेशीवाला:
तिथे एचआयव्हीशी संबंधित एक जनुक बदलायचा प्रयत्न होता, आणि त्या शास्त्रज्ञाला तुरुंगवास झाला. जाणिवेचं असं एखादं जनुक कुणाला सापडलेलं नाही, मुळात मेंदूतल्या पेशींच्या हालचालीतून अनुभव का उमटतो हाच प्रश्न सुटलेला नाही, मग बदलणार काय? रात्रवाचकांशी बराचसा सहमत, फक्त शिकवणं आणि जनुकं इतकी वेगळी काढू नका. गुरं माणसाने आधी पाळली, दूध पचवणारं जनुक पसरलं त्यानंतर.