सांबारवडी तेलात फुटते, काय चुकतंय?

कृष्णाकाठची_काकू (सांगली)
सूनबाई अमरावतीची. रविवारी विहीणबाई पहिल्यांदाच राहायला येतायत, म्हटलं त्यांच्याकडची सांबारवडी करावी. सूनबाईला फोनवर सहज विचारलं, तर म्हणाली, "आई, सांबार मात्र भरपूर घ्या." आमचे हे गणपती पेठेतून सांबार मसाल्याची दोन पाकिटं घेऊन आले! तिकडं कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, हे पन्नाशी उलटल्यावर कळलं बघा.

काल चार जुड्या धुऊन चिरल्या. भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, तीळ, मिरची-लसूण, मीठ घालून सारण कालवलं आणि मालिका संपेपर्यंत झाकून ठेवलं. पारी निव्वळ बेसनाची. पहिली वडी बरी निघाली. दुसरी मधोमध उकलली. तिसरीनं असं तेल उडवलं की मनगटावर फोड आलाय. कढईभर कोथिंबीर, तेल काळंकुट्ट. हे काही बोलले नाहीत, पण चहा स्वतःचा स्वतः करून घेतला, त्यावरून समजले.

सूनबाईला परत विचारलं तर "मीच येऊन करते" म्हणेल. ते नकोय.

वऱ्हाडातून_साताऱ्यात
काकू, मी यवतमाळची. तुमचा घोळ त्या मालिकेत झाला. मीठ लागलं की कोथिंबीर पाणी सोडते, त्या पाण्याची तेलात वाफ होते आणि पारी फाटते. कोथिंबीर आदल्या रात्री धुऊन पंचावर पसरा, सकाळी हाताला कोरडी लागली पाहिजे. जाड देठं काढा. मीठ अगदी भरायच्या वेळी, तेही एका घाण्यापुरतं.

नुसतं बेसन लाटताना चिरतं, त्यात थोडी कणीक किंवा मैदा मिसळा, कडकडीत मोहन घाला, घट्ट भिजवा. पारीला आतून चिंच-गुळाच्या दाट कोळात गोडा मसाला कालवून बोट फिरवा, मग सारण. आच मध्यम. सोबत ताकाची कढी हवीच. आमच्याकडं हिला पुडाची वडी पण म्हणतात.

मिरजेचा_खवय्या
अमरावतीच्या बाईंना सांबारवडी? जन्मभर तेच केलंय त्यांनी, खोट काढणारच. भडंग करा की ओ, लसूण जरा सढळ हातानं.

कृष्णाकाठची_काकू
भडंग डब्यात तयारच आहे, पण हट्ट म्हणजे हट्ट.

कृष्णाकाठची_काकू (सोमवार)
झाली एकदाची! बावीस केल्या, एकच फुटली, ती मीच उभ्या उभ्या खाल्ली. विहीणबाईंनी वडी मोडून आधी आत बघितलं, मग "कोळ जरा कमी पडला" म्हणाल्या, आणि चौथी उचलली. मी कडेला सवयीनं करंजीची मुरड घातली होती, त्यावर मायलेकी हसत सुटल्या.

सांबार मसाल्याची ती दोन पाकिटं अजून पडून आहेत. विश्रामबागच्या आसपास कुणाला हवीत का?