जुन्या बोर्डाला रॅम घालावी की बोर्डच बदलावा?

कोथरूडकर:
भाचीच्या पीसीत जी४१ चिपसेटचा (बोर्डावरच्या इंटेलच्या जुन्या नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड आहे, रॅम फक्त २ जीबी. टिळक रोडवरच्या एका दुकानातून ४ जीबीची डीडीआर३ (रॅमची एक पिढी) स्टिक आणली. खाच जुळली, स्टिक बसली, पण डिस्प्लेच येईना. दुकानदार म्हणाला, बोर्ड गेला, नवा घ्या. जुनी रॅम लावली तर तोच बोर्ड व्यवस्थित चालू! मग नीट पाहिलं. नव्या स्टिकवर आठच चिप होत्या, म्हणजे एकेक चिप ४ गिगाबिटची (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी). जी४१ला २ गिगाबिटपर्यंतचीच चिप कळते. दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिप असलेली ४ जीबीची स्टिक लावली आणि लगेच काम झालं. अशा चुकीपायी किती चांगले पीसी भंगारात जात असतील! विकणाऱ्याने चिप मोजूनच स्टिक द्यायला हवी.

पेठेतला:
चूक अचूक शोधलीत, पण खर्च मला पटला नाही. हा बोर्ड ८ जीबीच्या पुढे जात नाही. उद्या नवा बोर्ड घेतलात तर ही स्टिक त्यात बसणारही नाही. डीडीआर३ला २४० पिना, डीडीआर४ला २८८. डीडीआर५लाही २८८च, पण खाच वेगळ्या जागी. जुन्या बोर्डात घातलेला पैसा त्याच्याबरोबरच जातो.

कोथरूडकर:
नवा बोर्ड म्हणजे प्रोसेसर आणि रॅमही नवी. भाचीला अभ्यासाचे व्हिडिओ आणि टायपिंग एवढंच लागतं. ६ जीबीवर ते छान चालतंय.

हडपसरहून:
मी कोथरूडकरांच्या बाजूने. फक्त खाच जुळली म्हणून निर्धास्त राहू नका. २०१५च्या सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरसाठी काही बोर्डांवर डीडीआर३चे स्लॉट आले. तिथे १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. साधी १.५ व्होल्टची बसते, चालतेही, पण ती कायम वापरली तर प्रोसेसर खराब होऊ शकतो, असं इंटेलनेच सांगितलं होतं. जुन्या बाजारात सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, घरच्या बोर्डावर ती चालत नाही.

पेठेतला:
आणि विंडोज? ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम वायाच. शिवाय विंडोज १०चा अधिकृत आधार (सुरक्षा अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ भाचीच्या जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे मिळत नाही. मुलीच्या हाती असुरक्षित पीसी देणं मला तरी बरोबर वाटत नाही.

कोथरूडकर:
हा मुद्दा मान्य. म्हणून रविवारीच विंडोजच्या जागी ६४ बिटचं लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. मराठी टायपिंग चालतंय. बोर्ड मात्र बदलणार नाही.