दुकानाचं वीजबिल: युनिटं तेवढीच, मग आकडा का फुगला?

आमचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान. या महिन्यात युनिटं गेल्या महिन्याएवढीच, बिल मात्र घसघशीत वाढलंय. ज्यांची दुकानं, हॉटेलं, क्लासेस आहेत त्यांनी सांगा: तुमच्या बिलात कोणती ओळ अचानक उगवली आणि पुढे काय केलंत? नुसता संताप नको, तो माझ्याकडे भरपूर आहे.

आइस्क्रीम पार्लर, कोल्हापूर
आधी 'इंधन समायोजन आकार' बघा, म्हणजे इंधन महागलं की बिलात वरून लावतात तो. 2022 च्या उन्हाळ्यात कोळशाची टंचाई, बाहेरून आणलेला कोळसा महाग. तो खर्च आमच्या बिलात उतरला पावसाळ्यात, म्हणजे गल्ल्यात खडखडाट असताना. डीप फ्रीझर काय, गिऱ्हाईक असो-नसो चालूच. आणि हा आकार एकटा येत नाही. व्यापारी बिलावरचं 21 टक्के वीज शुल्क स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (तारांतून वीज आणून देण्याचा) आणि हा, सगळ्यांच्या बेरजेवर लागतं. युनिटमागे रुपया वाढला की आपल्या खिशातून जातात एक रुपया एकवीस पैसे.

मेडिकल स्टोअर, जळगाव
'वीज विक्री कर' पण आहे की! घरच्या बिलात ती ओळ नसते, दुकानाच्या असते. रक्कम लहान म्हणून कुणी बघत नाही.

मंगल कार्यालय, सातारा
आम्हाला एमडीने, म्हणजे 'मॅक्झिमम डिमांड'ने मारलं. आमचा भार 20 किलोवॅटच्या वर, त्यामुळे मीटर महिन्यातली सगळ्यात मोठी मागणी (एका वेळी ओढलेला सगळ्यात जास्त भार) नोंदवून ठेवतो. एका लग्नात हॉलचे एसी, डेकोरेटरचे हॅलोजन, केटररची इलेक्ट्रिक उपकरणं, सगळं एकदम सुरू. काट्याने वीज कंपनीशी करार केलेली मागणी ओलांडली ती थोडाच वेळ, पण वरच्या प्रत्येक केव्हीएला (मागणी मोजायचं एकक) दीडपट दराने जादा आकार लागला. करार वाढवून घ्या म्हणतात. वाढवला तर मुहूर्त नसलेल्या महिन्यांतही जादा मागणी आकार भरायचा. त्यापेक्षा डेकोरेटरला जनरेटर सक्तीचा केला. वधूपिते कुरकुरतात, कुरकुरू देत.

ब्लाउज शिवणारी, नाशिक
माझं दुकान नाही, घरातल्याच खोलीत दोन मशिनं. तपासणीला आलेल्यांनी 'घरगुती जोडणीवर व्यवसाय' म्हणून वीज कायद्याच्या कलम 126 ची नोटीस हातात दिली. या कलमाखाली आकारणी दुप्पट दराने होते, हात-पाय गार पडले. मिस्टर म्हणाले भरून टाकू. दिराने दरपत्रक काढलं: घराच्या काही भागात व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला 300, वर्षाला 3,600 युनिटांच्या आत असेल तर घरगुती दरच लागतो. जुनी बिलं जोडून लेखी हरकत दिली आणि पोच घेतली. अंतिम आदेशात आकारणी रद्द झाली.

निवृत्त वीज कर्मचारी
ताई, पोच घेतलीत हे उत्तम. बाकीच्यांसाठी: बिलाची तक्रार ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे, तिथे नाही पटलं तर विद्युत लोकपालाकडे. पण 126 ची केस मंच ऐकत नाही. तिथे अंतिम आदेशानंतर 30 दिवसांत कलम 127 खाली अपील, तेही निम्मी रक्कम भरून. लोक मंचाच्या दारात बसून मुदत घालवतात.

खानावळ, सोलापूर
वेगळं बिल आलं, 'अतिरिक्त सुरक्षा ठेव'. शेजारचा म्हणाला फसवणूक आहे, भरू नकोस. फसवणूक नाही. 2021 च्या नियमांपासून ठेव दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी धरतात, पूर्वी एका महिन्याची असायची. धंदा वाढला, बिलं वाढली, की फरक मागतात. व्याज बिलात वळतं होतं, तेवढं मात्र तपासा. तरी एकदम एवढे रोख आणायचे कुठून? हप्ते मागितले, मिळाले.

मोबाइल रिपेअरिंग, पिंपरी
माझं बिल कंपनीकडून येतच नाही. गाळामालकाने सबमीटर लावलाय, युनिटला स्वतःच्या मनाचा दर लावतो आणि मूळ बिल दाखवत नाही. भाडेकराराला अजून वर्ष आहे. अशा मालकाकडून कुणी मूळ बिल काढून घेतलंय का? कसं?